मिस्सेत गायचं कुणी? कॉयरने की सगळ्यांनी?

आगाशीकर (धागाकर्ता)

वसई पट्ट्यात चर्चमधल्या गायनाबद्दल दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "काय सुंदर गायले हो आज!" आणि दुसरं, "आम्हाला तोंड उघडायला मिळतं कुठे?" बऱ्याचदा ही दोन्ही वाक्यं एकाच मिस्सेनंतर, एकाच पायरीवर कानावर पडतात.

कॅथलिक नसलेल्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. मिस्सा म्हणजे आमची चर्चमधली मुख्य उपासना, कॉयर म्हणजे तिथला गायकवृंद. मिस्सेत काही गाणी दर रविवारी बदलतात: प्रवेशाचं, अर्पणाचं, कम्युनियनच्या (प्रसाद घेण्याच्या) वेळचं. काही भाग मात्र बदलत नाहीत. 'प्रभो दया कर', ग्लोरिया, 'पवित्र, पवित्र, पवित्र', 'देवाच्या कोकरा'. शब्द तेच, फक्त चाल वेगळी असू शकते. माझं भांडण या न बदलणाऱ्या भागांपुरतंच आहे.

आमच्या धर्मग्रामात (म्हणजे एका चर्चच्या परिसरात) आळीपाळीने वेगवेगळे कॉयर गातात. युवकांचा एक, महिलांचा एक, शिवाय विभागवार. प्रत्येकाची 'पवित्र'ची चाल स्वतंत्र. या रविवारी भैरवीच्या अंगाची, पुढच्या रविवारी गिटारवर, त्याच्या पुढच्या रविवारी कुणीतरी यूट्यूबवरून उचललेली. लोकांच्या तोंडात एक चाल बसेपर्यंत कॉयर बदललेला असतो. मग लोक उभे राहतात आणि ऐकतात. मागच्या बाकांवरचे तर तेही करत नाहीत.

आता 'पवित्र' हे काही मध्येच आलेलं भक्तिगीत नाही. वेदीवरच्या मुख्य प्रार्थनेचाच तो भाग आहे आणि तो धर्मगुरूने आणि सगळ्या लोकांनी मिळून म्हणायचा असतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा उपासनेवरचा दस्तऐवज ४ डिसेंबर १९६३ चा. भाविकांचा पूर्ण, जाणीवपूर्वक आणि सक्रिय सहभाग हा त्याचा कणा. पुढे मार्च १९६७ मध्ये उपासना-संगीतावर रोमची वेगळी सूचना निघाली. मिस्सेचं सगळं गायन कॉयरकडे सोपवून लोकांना पूर्णपणे बाजूला ठेवायची पद्धत चालणार नाही, असं तिच्यात सरळ लिहिलंय. हे होऊनही साठ वर्षं होत आली.

कॉयर नको, असं मी म्हणत नाही. अर्पणाच्या वेळी गा, कम्युनियननंतर गा, चार आवाजांत गा, आम्ही मान डोलवत ऐकू. पण 'पवित्र' आमचं आहे, ते आम्हाला द्या.

तुमच्याकडे कसं आहे?

---

काळी_चार

मी कॉयरमध्ये गाते. त्यामुळे हे टोमणे कुठे लागायचे तिथे लागले.

आगाशीकर, एकदा सरावाला येऊन बघा. विरार लोकलमधून उतरून, घरी भाकऱ्या थापून मग बायका येतात. कीबोर्डवाल्या मुलाची परीक्षा, तबलजीची सेकंड शिफ्ट. एवढं सांभाळून रविवारी उभं राहायचं आणि मग ऐकायचं की तुम्ही आमचं गाणं पळवलंत.

लोक गात नाहीत याचं सगळं खापर आमच्यावर का? आम्ही एका उपवासकाळात (ईस्टरच्या आधी) मुद्दाम सगळ्यांना पाठ असलेली जुनी चाल घेतली. शब्द पडद्यावर दिले. पुरुषमंडळी हाताची घडी घालून पडद्याकडे बघत होती, जणू विरार गाडीचा इंडिकेटर. गाणाऱ्याला कुणी अडवत नाही हो. तोंड आपलंच असतं.

आणि "कॉयरचं प्रदर्शन" म्हणणाऱ्यांना एक आठवण. १९०३ मध्ये पोप दहावे पायस यांनी चर्चसंगीताची साफसफाई करणारा आदेश काढला, त्यात बायकांना कॉयरमध्ये जागाच नव्हती. वरचे आवाज हवे असतील तर मुलगे घ्या! आमच्यासाठी दार रीतसर उघडलं ते १९५० च्या दशकात. आज आमच्याकडे कॉयर टिकलेत ते बहुतेक ठिकाणी बायकांच्या जिवावर. आता कुठे माईक हातात आला, तर म्हणे गप्प बसा.

---

पेटीमास्तर

मी भजनी मंडळात पेटी वाजवतो. तुमच्या धर्माचं मला फार कळत नाही, पण एक तांत्रिक प्रश्न. ताई, तुमचं नाव 'काळी चार' आहे. तुम्ही लोकांबरोबरची गाणीही पेटीच्या काळी चार पट्टीलाच घेता का?

---

काळी_चार

हो, काळी चार किंवा पाच. आमच्या मुलींचा आवाज तिथेच मोकळा लागतो. खाली घेतलं तर पुटपुटल्यासारखं होतं.

---

पेटीमास्तर

मग पुरुषांच्या हाताच्या घडीचं कारण सापडलं.

काळी चारला षड्ज धरला की साध्या पुरुषी आवाजाची दोन्हीकडून कोंडी होते. खालच्या सप्तकात गायला गेला तर मध्य षड्जच इतका खोल पडतो की नुसती घुमघुम. वरच्या सप्तकात गेला तर पंचमाच्या पुढे गळा फाटतो. कसलेला गायक कसंतरी निभावेल, बाकावरचा माणूस दोन ओळी प्रयत्न करतो आणि गप्प बसतो. त्याला कारण सांगता येत नाही. त्याला वाटतं, आपल्याला गाता येत नाही.

बायका आणि पुरुष एकत्र गाणार असतील तर आधी चालच एका सप्तकात बसवायची. सा ते तार सा, फार तर तार रे. मग सफेद एक किंवा काळी एकला घ्यायची. बायका वरच्या सप्तकात, पुरुष खालच्या, कुणालाच ओढाताण नाही. चाल तार मध्यमापर्यंत जाणारी असेल तर कुठलीच पट्टी सगळ्यांना चालणार नाही, ती कॉयरसाठी ठेवा. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण असतं, म्हणजे मुलाला नवीन बोटं शिकायचीही गरज नाही.

दुसरं, ताना आणि हरकती. शेवटच्या अक्षरावर मुख्य गायिका प्रत्येक वेळी वेगळी जागा घेत असेल तर मागचे चारशे लोक कुठे थांबणार? आमच्याकडे बुवा अभंगात हवं ते करतात, पण ध्रुवपद टाळकऱ्यांच्या हवाली करताना सरळच करतात.

---

वसईवाला_पक्का

+१ पेटीमास्तर. हे आमच्या कॉयरच्या ग्रुपवर पाठवू का?

---

साष्टीकार

देव बरें करूं. (साष्टी म्हणजे आमची गोव्याची, ठाण्याची नव्हे.)

चर्चा बघून थोडा त्रास झाला. ऐकणं म्हणजे काहीच न करणं, हे गृहीत कुठून आलं?

गोव्यात सोळाव्या शतकापासून चर्चला जोडलेल्या शाळा होत्या. तिथला मेस्त (संगीतशिक्षक) मुलांना लिहावाचायला, धर्मशिक्षणाबरोबर सोल्फेज (सूर वाचून गाणं) आणि व्हायोलिन शिकवायचा, आणि त्यांतूनच इगर्जीचा (चर्चचा) कॉयर उभा राहायचा. शेतकऱ्याचं पोर नोटेशन वाचायचं. ही परंपरा 'लोकांना गप्प बसवणारी' होती म्हणे! मुंबईच्या सिनेमा-वाद्यवृंदात एका पिढीत एवढे गोंयकार कुठून आले? अँथनी गोन्साल्विस घ्या. वडील माजोर्ड्याच्या चर्चमध्ये कॉयरमास्टर, आणि मुलगा पुढे प्यारेलाल यांचा व्हायोलिनचा गुरू. कॉयर मोडा आणि मग बघा संगीतकार कुठून येतात ते.

आता उपवासकाळातले मोतेत, म्हणजे अनेक आवाजांतली भक्तिगीतं. क्रूस वाहणाऱ्या येशूची मिरवणूक निघते, मध्ये थांबते, आणि मोजके शिकलेले गायक दोन-तीन आवाजांत मोतेत म्हणतात, व्हायोलिन आणि मोठ्या बासच्या साथीवर. शेकडो माणसं उभी असतात. कुणीही बरोबर गात नाही. गायला लागलं तर शेजारचा त्याच्याकडे वळून बघेल. पण तिथे सहभाग नाही असं म्हणणाऱ्याने एकदा येऊन बायकांचे चेहरे बघावेत.

सगळ्यांनी सगळं गायचं असा हट्ट धरला की दोन ओळींच्या, तीन सुरांच्या, टाळ्या वाजवायच्या गाण्यांपलीकडे काही उरत नाही. तेही आमच्याकडे चालू आहेच.

---

लिटर्जीवाला

धागाकर्त्यांनी १९६३ च्या दस्तऐवजातलं आपल्या सोयीचं तेवढं उचललंय. त्याच दस्तऐवजात, कलम ११४ मध्ये, पवित्र संगीताचा ठेवा काळजीपूर्वक जपावा आणि कॉयर, विशेषतः कॅथेड्रलांमध्ये, कसोशीने वाढवावेत असंही आहे. त्याच वाक्यात पुढे लोकांच्या सहभागाची जबाबदारी बिशप आणि धर्मगुरूंवर टाकली आहे. दोन्ही एकाच दमात. कलम ११६ मध्ये तर ग्रेगोरियन गायनाला अग्रस्थान दिलंय. ते तुमच्या-आमच्या धर्मग्रामात कुणी शेवटचं कधी ऐकलं? त्याबद्दल कुणी धागा काढत नाही.

आणि रोमचंच उदाहरण. २९ जून १९८५, सेंट पीटर्स बॅसिलिका. पोप दुसरे जॉन पॉल यांची मिस्सा, आणि त्यात मोझार्टची 'कोरोनेशन मास', म्हणजे याच न बदलणाऱ्या भागांना त्याने दिलेलं संगीत. संचालन प्रसिद्ध संगीतसंचालक हर्बर्ट फॉन कारायान यांचं, वाद्यवृंद व्हिएन्ना फिलहार्मनिक. तिथे 'पवित्र' लोकांनी नाही म्हटलं. मोझार्टने म्हटलं.

---

आगाशीकर

लिटर्जीवाला, कलम ११४ मान्य, म्हणूनच कॉयर नको असं मी पहिल्याच पोस्टमध्ये म्हटलेलं नाही. पण कारायान आणि व्हिएन्ना फिलहार्मनिक वर्षाच्या एका सणाला येणं वेगळं आणि आमच्याकडे दर रविवारी सकाळी सातच्या मिस्सेला नवीन चाल येणं वेगळं. आमचे कीबोर्डवाले मोझार्टही नाहीत, हे त्यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगतो.

साष्टीकार, मोतेत मिस्सेच्या मुख्य प्रार्थनेचा भाग नाहीत. तिथे मी तुमच्या शेजारी गप्प उभा राहीन. गोव्याचं बोलताय तर 'ख्रिस्तपुराण'ही आठवा. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये छापलेलं, ओवीबद्ध, जवळजवळ अकरा हजार ओव्या. गोव्यातल्या चर्चमध्ये मिस्सेनंतर लोकांसमोर ते गायलं-वाचलं जायचं. ओवी का निवडली असेल? जात्यावर बसणाऱ्या बाईलाही ती आधीच येत होती. तुमच्याच मातीत मेस्तही होता आणि ओवीही.

---

साष्टीकार

ओवीचा मुद्दा घेतला. फक्त एवढं जोडा की १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेवर बंदीचा हुकूम काढला. ओव्या लोकांच्या तोंडातून गेल्या त्या काही कॉयरमुळे नाही गेल्या.

---

तर्कट

देवाला सफेद एक आणि काळी चारमधला फरक कळतो का? की त्याला सगळं सारखंच? सहज विचारतोय.

---

काळी_चार

देवाला सगळं सारखंच, हो. पहिल्या बाकावरच्या मावशींना नाही.

---

म्युनिकहून

इथलं सांगतो. जर्मन भाषिक कॅथलिकांचं एक सामायिक उपासना-गीतपुस्तक आहे, 'गोटेसलोब'. १९७५ मध्ये आलं, २०१३ मध्ये नवं निघालं. थोडा भाग सगळ्यांना समान, थोडा त्या त्या धर्मप्रांताचा. भिंतीवर फळी असते, त्यावर फक्त गाण्याचा क्रमांक. ऑर्गनवाला चार सुरांची प्रस्तावना वाजवतो आणि अख्खं चर्च सुरू. पुस्तकात शब्दांबरोबर सूरही छापलेले असतात, पण बहुतेकांना चाल लहानपणापासून येतेच. कॉयर नसलेल्या रविवारी कुणाला काही अडल्यासारखं वाटत नाही.

याची मुळं जुनी. मिस्सा लॅटिनमध्ये चालू असताना लोकांनी खाली बसून जर्मनमध्ये गायचं, असा प्रकार अठराव्या-एकोणिसाव्या शतकात रुजला होता. शुबर्टने १८२७ मध्ये अशीच एक जर्मन मिस्सा रचली, साध्या चालींची. तिचं 'पवित्र' इथे आजही सामान्य माणसं गातात. मोठ्या संगीतकाराने मुद्दाम सोपं लिहिलं, हे मला फार आवडतं.

पण हेच लोक ईस्टरला हायडन किंवा मोझार्टची वाद्यवृंदाची मिस्सा ठेवतात आणि लवकर येऊन जागा धरतात. त्या दिवशी कुणीही "आमचं 'पवित्र' पळवलं" म्हणत नाही, कारण उरलेल्या रविवारी ते त्यांचंच असतं. माझ्या मते आगाशीकरांच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे.

सोळावे बेनेडिक्ट याच भागातले. त्यांचे भाऊ गेऑर्ग राट्सिंगर यांनी १९६४ ते १९९४ रेगेन्सबुर्गच्या कॅथेड्रलचा मुलांचा कॉयर चालवला. त्यामुळे पोपसाहेब मन लावून ऐकण्यालाही सहभागच मानत आले. मात्र उपासनेत गायकांना टाळ्या वाजवणं त्यांना अजिबात पसंत नव्हतं.

(गाणारे उत्तम, पण चर्च अर्धं रिकामं असतं हेही सांगून टाकतो. वसईच्या गर्दीचा इथल्या धर्मगुरूंना हेवा वाटेल.)

---

वसईवाला_पक्का

टाळ्यांचा विषय निघालाच आहे तर लग्नाच्या मिस्सा घ्या की. आता बाहेरून गायक बोलावतात, साउंड सिस्टिम वेगळी, मॉनिटर स्पीकर वेगळे. वेदीवर काय चाललंय यापेक्षा व्हिडिओवाला गायिकेभोवती जास्त फिरतो. आणि शेवटी फादर स्वतःच म्हणतात, "आपल्या गायकवृंदासाठी जोरदार टाळ्या." लोकांनी तोंड उघडलं नाही, पण हात मात्र वाजवले.

माईकबद्दलही बोला कुणीतरी. कॉयरला सहा माईक आणि बाकांवर काहीच नाही. माणसाला स्वतःचा आवाज ऐकू आला नाही, शेजाऱ्याचा आला नाही, तर तो गाणारच नाही. एकदा वीज गेली होती आमच्याकडे, जनरेटर लागेना. त्या दिवशी लोक असे गायले की विचारू नका.

---

श्रीरामपूरकर

आमच्या नगरकडच्या खेड्यांत हा वाद फारसा होत नाही. ढोलकी, टाळ, पेटी, एक म्हणणारा आणि बाकीचे झेलणारे. हरेगावला सप्टेंबरात मतमाउलीची (मारियामातेची) यात्रा भरते तेव्हा गावोगावच्या भजनी मंडळ्या येतात. तिथे कॉयर कुठे संपतो आणि लोक कुठे सुरू होतात, हे दाखवून द्या म्हटलं तर मला जमणार नाही.

रेव्हरंड ना. वा. टिळकांचं ऋण यात मोठं आहे. ते प्रोटेस्टंट मिशनचे, पण त्यांनी अभंग-ओवीच्या घाटात ख्रिस्ती पदं लिहिली, ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, आणि ती पदं पंथाची भिंत ओलांडून आमच्याकडेही आली. सुशिक्षित वसईकर मित्र आमच्या भजनांना 'गावठी' म्हणायचे. म्हणेनात. आमच्याकडे आजोबाही गातो आणि नातूही.

दोष आमच्यातही आहे. एकेक भजन इतकं लांबतं की अर्पण उरकून फादर वेदीवर हात जोडून उभे, आणि मंडळी आणखी एक अंतरा घेतायत. वाद्यवृंदाच्या मिस्सेवर लोक नेमका हाच आक्षेप घ्यायचे ना?

---

लिटर्जीवाला

बरोबर. जुन्या लॅटिन मिस्सेत 'पवित्र' इतकं लांबायचं की त्याचे दोन तुकडे करून दुसरा तुकडा ख्रिस्तशरीर उंचावल्यानंतर गात. संगीताने उपासनेला थांबवून ठेवायचं, हा रोग ढोलकीलाही होतो आणि व्हायोलिनलाही.

एक भर. मिस्साग्रंथाच्या सूचनांनुसार कॉयरची जागा अशी हवी की तो भाविकांचाच भाग आहे हे दिसावं. आमच्याकडे नव्या चर्चमध्ये कॉयर वेदीच्या बाजूला, लोकांकडे तोंड करून, पायऱ्यांवर. मागच्या माडीवर होता तेव्हा निदान लोक समोर बघायचे. बसण्याची ही रचनाच सांगते की एकाने दाखवायचं, दुसऱ्याने बघायचं.

---

काळी_चार

माडीवर चढवू नका हो आम्हाला, बेसिलताईंचे गुडघे गेलेत. (नाव बदललंय, गुडघे खरेच गेलेत.)

पेटीमास्तरांचं ऐकून आम्ही सरावात एक करून बघितलं. 'पवित्र'ची जुनी चाल सफेद एकला घेतली. मुलींनी नाकं मुरडली. पण बाहेर खुर्च्या लावणारे दोन काका आपोआप गुणगुणायला लागले. एवढ्यावरून मी निष्कर्ष काढणार नाही, पण नोंदवते.

आणखी एक सुचवते. फ्रान्समधल्या तेझेच्या मठात जी गाणी गातात ती कुणी ऐकलीत का? झाक बर्तिए यांनी त्यांतली बरीच रचली. लोकांसाठी चार-आठ मात्रांची एकच ओळ, ती पुन्हा पुन्हा, आणि तिच्यावर कॉयर किंवा एकटा गायक वेगवेगळी कडवी गातो. लोक थांबत नाहीत आणि कॉयरलाही काम राहतं. आमच्या मुलींचं म्हणणं एवढंच आहे की आम्हाला फक्त लोकांच्या मागे ओढायचा दोर करू नका, गायलाही द्या.

---

पेटीमास्तर

ताई, हे तर आमचंच झालं. ध्रुवपद टाळकऱ्यांचं, आलाप बुवांचा. फ्रान्सला जायची गरज नव्हती, वारीत आला असतात तरी चाललं असतं.

---

आगाशीकर

काळी_चार, दोर कुणी करत नाही. उलट माझी मागणी आणखी छोटी करतो. सगळ्या कॉयरांनी मिळून 'पवित्र' आणि 'देवाच्या कोकरा'च्या फक्त एकेक चाली ठरवायच्या आणि पुढच्या ईस्टरपर्यंत बदलायच्या नाहीत. कॉयर कुठलाही असो, चाल तीच, पट्टी तीच. त्या दोन ठिकाणी मुख्य माईक बंद किंवा अगदी बारीक. बाकी सगळी मिस्सा तुमची. सणाला, म्हणजे नाताळ, ईस्टर आणि आमच्या चर्चचा वार्षिक सण, तेव्हा म्युनिकहून म्हणतात तसं हवं ते गा, 'पवित्र' सकट. मी पहिल्या बाकावर येऊन बसेन.

---

काळी_चार

चारही कॉयरच्या प्रमुखांशी बोलले. महिला तयार, विभागवाल्यांपैकी एक तयार, दुसरे "बघू" म्हणाले. युवकांचा स्पष्ट नकार. त्यांनी नवीन 'पवित्र' बसवलंय, रेकॉर्डिंगही ठरलंय. मी विचारलं, षड्ज कुठे? तर म्हणे काळी पाच.

---

पेटीमास्तर

चाल मला पाठवा. एका सप्तकात बसत असेल तर वाचवता येईल.

---

वसईवाला_पक्का

आणि नसेल बसत तर?

---

काळी_चार

तर अर्पणाला गाऊ दे. शब्द बदलावे लागतील, पण ते माझ्याकडे लागलं.